तीन मैलांची नोंद

छापखान्याने बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिली होती आणि आता दोन वाजून गेले होते. मर्सी आत्याच्या पुढच्या खोलीत चौघं बसली होती. टेबलावर चहाची किटली होती, सामन माशाची सँडविचं होती आणि हेस्टरने टंकलिखित केलेला एक कागद होता. चहा निवला होता. कागद एडविनने दोनदा वाचून उलटा ठेवला होता.

शनिवारी सॉल्टर्बीचं तटरक्षक ठाणं बंद होणार होतं. यापुढे समुद्रावर लक्ष ठेवायचं ते सत्तर मैलांवरच्या शहरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीतून, पडद्यावर. झेंडा उतरवायचा मान एडविनचा, कारण ठाण्याचा शेवटचा प्रमुख तो. त्याच समारंभात ठाण्याच्या इतिहासाची पुस्तिका वाटायची होती. ती त्याच्या धाकट्या बहिणीने, हेस्टरने लिहिली होती. तेहतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून ती नुकती निवृत्त झाली होती, आणि गावाला वाटलं होतं की असल्या कामाला हीच योग्य.

पहिली तीस पानं लिहिताना तिला अडचण आली नव्हती. १८२९ साली चोरटी दारू पकडण्यासाठी सरकारने टेकडीवर हे ठाणं उभारलं. गावाशी संगनमत होऊ नये म्हणून माणसं मुद्दाम लांबलांबच्या परगण्यांतून आणली. गावाने त्यांना दूध विकलं नाही, चर्चमध्ये बाक दिला नाही. पुढे चोरटी दारू संपली, पण टेकडीवरचे आणि गावातले हा फरक राहिला. हेस्टरचे पणजोबा जोसाया लस्कम १८७४ साली डेव्हनहून आले. त्यांनी एका नॉर्वेजियन जहाजावरची चौदा माणसं दोरावरून ओढून किनाऱ्यावर आणली, तेव्हा गाव प्रथम टेकडी चढून आलं. त्यानंतर आजोबा, वडील, एडविन. ठाण्याचा इतिहास लिहायचा म्हणजे लस्कम घराण्याचाच लिहायचा, असं सगळे म्हणाले होते. हेस्टरनेही ते मान्य केलं होतं. एकतिसाव्या पानावर येईपर्यंत.

एकतिसावं पान १७ नोव्हेंबर १९५४चं होतं.

त्या काळी टेहळणीच्या खोलीत दिवसभर माणूस नसे. नियम असा होता की दुपारी तीन वाजता समुद्राकडे बघायचं, किती लांबचं दिसतं ते ठरवायचं, आणि तीन मैलांपेक्षा कमी दिसत असेल तर धुकं निवळेपर्यंत खोलीत पहारा बसवायचा. अंतर मोजायला काही साधन नव्हतं. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर एक तरंगता लाल बोया तीन मैलांवर होता. तो दिसला की वहीत तीनचा आकडा घालायचा. मात्र दांडा सरकल्यामुळे त्याच महिन्याच्या सुरुवातीला बोया आत, पावणेदोन मैलांवर आणून ठेवला होता. तसं पत्रही ठाण्यात आलं होतं. सतरा तारखेला दुपारी तीन वाजता कुणीतरी बघितलं, बोया दिसला, सवयीने तीनचा आकडा पडला. पहारा बसला नाही. पाच वाजता 'हार्वेस्ट होम' ही बोट दांड्यावर आदळली. तिने मदतीसाठी आभाळात अग्निबाण सोडले. ते बघायला खोलीत कुणी नव्हतं. पाच माणसं गेली.

वहीत आकडा तेव्हाच्या तेव्हा लिहायचा आणि सही दिवसाचं काम आटपताना करायची, अशी पद्धत होती. आकड्यासमोर सही होती सिडनी थर्टलची.

सिडनी म्हणजे मर्सी आत्याचा नवरा. गावातला चांभार, बुटांचं दुकान चालवायचा. टेकडीवर आठवड्यातून तीन दिवस तासांच्या मजुरीवर काम करायचा. टेकडीवरच्या मुलीशी लग्न केलेला तो गावातला पहिला माणूस. चौकशीत त्याने सांगितलं की बोया हलवल्याचं मला माहीत होतं, मी विसरलो. त्याला काढून टाकलं. त्यानंतर सतरा वर्षं तो जगला.

हेस्टरने मार्च महिन्यात ठाण्याच्या कपाटातून १९५४चं हजेरीपत्रक काढलं. सतरा नोव्हेंबरला सिडनीची हजेरी संध्याकाळी सहापासून होती. तीनच्या नोंदीच्या वेळी तो टेकडीवर नव्हताच. दोन्ही कागद एकाच कपाटात, चार इंचांच्या अंतरावर चाळीस वर्षं पडून होते आणि कुणी ते शेजारीशेजारी ठेवून पाहिले नव्हते. दिवसभर ठाण्यात असलेला माणूस एकच होता. ठाण्याचे तेव्हाचे प्रमुख, वॉल्टर लस्कम. तिचे आणि एडविनचे वडील.

कागदावर हेस्टरने एवढंच लिहिलं होतं. विशेषणं घातली नव्हती.

"तू बाबांना खुनी ठरवते आहेस," एडविन म्हणाला.

"मी दोन वेळा लिहिल्या आहेत. तीन आणि सहा."

"वर्गात शिकवतेस तसं बोलू नकोस माझ्याशी."

एडविन चौसष्टचा होता आणि वडिलांसारखा दिसायचा. तो सांगत राहिला की लोक एकमेकांच्या पाळ्या घ्यायचे, हजेरीपत्रकं नंतर भरायचे, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. हे सांगताना तो हेस्टरकडे बघत नव्हता. ती खोटं पकडण्यात तरबेज होती. लहानपणी खेळताना त्याने पत्ते लपवले की ती काही न बोलता हात पुढे करायची. आणि तो खोटंच बोलत होता. अठ्ठ्याहत्तर साली हॉस्पिटलात वडिलांनी त्याला सगळं सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ते म्हणाले होते, आता तुझ्याकडे. जणू किल्ल्या सोपवाव्यात तसं. सोळा वर्षं तो ते घेऊन रोज टेकडी चढला होता. त्याला वाटायचं, ठाणं बंद झालं की हेही बंद होईल.

"हे छापणार कोण, याचा विचार केलास?" त्याने विचारलं. "लेनर्ड पेग. त्याचा बाप त्या बोटीवर होता. त्याच्या हातात देणार आहेस तू हा कागद?"

"गावात छापखाना एकच आहे."

खिडकीपाशी बसलेली जॉइस पहिल्यांदाच बोलली. ती सिडनी आणि मर्सीची एकुलती एक मुलगी. सकाळच्या गाडीने नॉर्विचहून आली होती आणि अंगातला कोट तिने अजून काढला नव्हता. हेस्टरने मार्चमध्ये फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, लिही. तेव्हापासून ती दर आठवड्याला फोन करून कुठपर्यंत आलं ते विचारत होती.

"वॉल्टरमामांनी वही पुढे केली आणि माझ्या वडिलांनी सही केली," ती म्हणाली. "बरोबर ना? ते वरचे साहेब, हे तासांवरचे. नाही म्हणायची सोय नव्हती. एडविन, तू खुनी म्हणालास, मी तो शब्द वापरणार नाही. मी एवढंच म्हणते की माझ्या वडिलांना फसवलं."

"फसवलं नाही," मर्सी आत्या म्हणाली.

चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ती ताठ बसायची. सगळ्यांना बोलावलं तिनेच होतं. सिडनीवरचा डाग आपल्या डोळ्यांदेखत पुसला जावा, एवढीच तिची इच्छा होती. डॉक्टरांनी तिला ऑगस्टमध्ये जे सांगितलं होतं ते हेस्टरला ठाऊक होतं, जॉइसला नव्हतं. हे छापून येईपर्यंत मला टिकायचं आहे, ती हेस्टरला म्हणाली होती, त्यानंतरचं माझं मी बघेन.

"फसवलं नाही," ती पुन्हा म्हणाली. "त्याला सगळं माहीत होतं. तीन वाजता तो दुकानात होता. सहाला वर गेला तेव्हा बोट फुटलेली होती आणि वॉल्टर वहीसमोर बसला होता. सहीची जागा कोरी होती. वॉल्टरने सिडनीला काही विचारलं नाही. तो इथे आला. माझ्याकडे."

तिने हे सगळं एका सुरात सांगितलं. त्या रात्री वॉल्टर याच खोलीत उभा राहून रडला होता. त्याची बायको, म्हणजे हेस्टरची आई, अंथरुणाला खिळलेली. घर सरकारी. नोकरी गेली की आठ दिवसांत घर सोडायचं. हेस्टर सप्टेंबरातच कॉलेजात गेलेली. सिडनीचं काय, त्याचं दुकान आहे, घर स्वतःचं आहे, टेकडीवरचे चार तास गेले तर गेले. दहा वर्षांनी मी निवृत्त होईन, तेव्हा मी स्वतः मुख्य कचेरीला पत्र लिहून सगळं कबूल करीन, असं वॉल्टर म्हणाला होता. शपथ घेतली होती.

"सिडनी घरी परतला तेव्हा त्याला सांगितलं, तो नाही म्हणाला," आत्या म्हणाली. "म्हणाला, या लोकांचे बूट मी शिवतो, त्यांच्या पाच माणसांचं मी अंगावर घेणार नाही. दोन तास तो नाहीच म्हणत होता. मग मी त्याला राजी केलं."

एडविनने मान वर केली.

"वॉल्टर माझा भाऊ होता. मी म्हटलं, लोक महिना-दोन महिने बोलतील आणि विसरतील. मी त्याला म्हटलं, तू माझ्यासाठी आजवर काय केलंस? हे शब्द वापरले मी. मग तो उठला आणि वर जाऊन सही करून आला." तिने हेस्टरकडे बघितलं. "तेही लिही. तुझ्या कागदात ते नाही."

हेस्टरला ते माहीत नव्हतं. तिचा हात पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. कॉलेजची ती तीन वर्षं, प्रयोगशाळेतली खिडकीशेजारची जागा, आईचं पलंगावरचं अखेरचं वर्ष, ते सगळं सिडनीच्या सहीवर उभं होतं. ती मनात बेरीज करत होती आणि बेरीज बरोबर येत होती.

जॉइस खिडकीकडे वळली होती. तिच्या डोळ्यांसमोर वॉल्टरमामा किंवा बोट यांपैकी काही नव्हतं. १९६३चा जून होता, तिच्या लग्नाचा. चर्चमध्ये वडिलांच्या हातात हात घालून जायचं असतं. ती आईला म्हणाली होती की मी बाबांबरोबर जाणार नाही, पाठीमागे लोक कुजबुजतील, मला मामा हवेत. मामा गणवेश घालून आले, छातीवर पदक लावून. बाबा तिसऱ्या रांगेत बसले. नवे बूट त्यांनी स्वतः शिवले होते, तिचे पांढरे आणि मामांचे काळेही.

"तू मला जाऊ दिलंस मामांबरोबर," ती म्हणाली.

आत्याने तिच्याकडे बघितलं.

"मी तुला विचारायला आले होते, आई. चालेल का म्हणून. तू म्हणालीस, तुझ्या मनासारखं कर."

"एकच वर्ष राहिलं होतं. वॉल्टर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. मला वाटलं, तेव्हा तुला कळेलच."

"आणि चौसष्टमध्ये?"

"चौसष्टमध्ये मी त्याला विचारायला गेले. तो म्हणाला, आता कशाला. सगळं निवलंय. सिडनीला सवय झालीय."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"तुझे बाबा माझ्याशी त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. सही केल्यापासून कधीच नाही." तिने बशीतला चमचा सरळ केला. "बाकी सगळं बोलायचे. चहा हवा का, कोळसा संपला, वगैरे."

जॉइसने कोटाची बटणं लावायला सुरुवात केली. वरचं बटण आधी, मग खालची. हेस्टर तिच्या जवळ गेली तेव्हा ती बाजूला सरकली.

"छापू नकोस," ती हेस्टरला म्हणाली.

"जॉइस, सहा महिने तू मला–"

"तेव्हा ते बिचारे होते. आता काय होतील? बायकोने ढकललं म्हणून खोटी सही करणारा माणूस. आणि मुलगी त्याचा हात धरायच्या ऐवजी साहेबाच्या हाताला धरून चालली. गावाला पुन्हा हसायला द्यायचं का? गाव त्यांना वाईट समजत होतं. वाईट माणूस तरी काहीतरी असतो."

"तो निर्दोष होता, हे लोकांना कळायला हवं," आत्या म्हणाली.

"कुणासाठी? त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी?"

एडविन उठला. आपण जिंकत आहोत हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला की जॉइसचं बरोबर आहे, आता तिघांचं मत एक आहे, आत्याने हट्ट सोडावा.

"दोघांचं," आत्या म्हणाली. "हेस्टरने मत दिलेलं नाही. आणि एडविन, तुला केव्हापासून माहीत आहे?"

 हेस्टरने त्याच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला नाही, पण त्याला तो दिसला.

"अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला.

"सोळा वर्षं. दर नाताळला माझ्याकडे जेवायला येतोस."

"मी काय करायला हवं होतं, आत्या? सिडनीकाका गेलेले. बाबा गेलेले. मी बोललो असतो तर त्या पाच घरांनी चाळीस वर्षांचं सगळं माझ्या दारात आणून टाकलं असतं."

"हो," ती म्हणाली. "आमच्या दारात टाकत होते तसं. काय काय टाकायचे ते तुला सांगू? मेलेले मासे टाकायचे. जॉइस शाळेत जायच्या आधी सिडनी उठून सगळं धुवून काढायचा."

जॉइसला हे माहीत नव्हतं. तिने दाराची कडी काढली होती. ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग एडविनला म्हणाली की मला स्टेशनवर सोडशील का, सव्वाचारची गाडी आहे. आईकडे तिने पाहिलं नाही. एडविनने टोपी घेतली. जाताना त्याने हेस्टरला एवढंच सांगितलं की हे छापलंस तर शनिवारी झेंडा दुसऱ्या कुणाला तरी उतरवावा लागेल. ही धमकी नव्हती. तो फक्त सांगत होता.

गाडी गल्लीतून बाहेर पडल्याचा आवाज आला.

"ती येईल शनिवारी?" आत्याने विचारलं.

"मला नाही वाटत."

"नाही." आत्याने कागद सुलट केला आणि तिच्याकडे सरकवला. "लिही. माझ्या तोंडून सांगते तसं. मर्सी थर्टल, वॉल्टर लस्कमची बहीण, हिने नवऱ्याला सही करायला भाग पाडलं."

"भाग पाडलं की राजी केलं? मघाशी तू राजी केलं म्हणालीस."

आत्याने विचार केला. "भाग पाडलं," ती म्हणाली.

हेस्टरने ते लिहिलं. खाली आणखी एक ओळ स्वतःहून लिहिली, की या सहीमुळे ज्यांचं घर आणि शिक्षण टिकलं त्यांत प्रस्तुत लेखिका होती. आत्याने ती वाचली आणि कागद परत सरकवला.

लेनर्ड पेगचा छापखाना बंदराच्या वाटेवर होता. हेस्टर पोहोचली तेव्हा पाचाला वीस मिनिटं कमी होती. लेनर्ड साठीकडे झुकलेला, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस. बाप गेला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याने कागद घेतला, चष्मा खाली ओढला आणि उभ्यानेच वाचला. मग मागच्या बाजूला काही आहे का ते पाहिलं.

"तारखा तपासल्यात?" त्याने विचारलं.

"हो. आणि वेळाही."

"तीन वाजता तो दुकानात होता हे कुणाकडून कळलं?"

"आत्या सांगते. शिवाय हजेरीपत्रक आहे."

लेनर्डने मान हलवली. मग म्हणाला, "होता तो दुकानात. माझी आई तिथे बसली होती. तिच्या बुटांच्या टाचा लावत होता. तीनचे टोले पडले तेव्हा ती स्टुलावर बसलेली होती, पायात नुसते मोजे."

हेस्टरला प्रथम वाटलं की आपल्याला नीट समजलं नाही.

"तुमच्या आईला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग चौकशीत ती–"

"चौकशीत त्याने स्वतःच कबूल केलं. आई म्हणाली, त्यालाच हवं असेल तर मी कशाला खोटं पाडू." त्याने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पट्टी ठेवली. "तुम्हाला समजणार नाही, मिस लस्कम, तुम्ही टेकडीवरच्या. तुमच्या वडिलांवर आम्ही रागावलो असतो तर त्याचा उपयोग काय होता? ते साहेब. त्यांच्याकडून आम्ही काही अपेक्षा कधी ठेवलीच नाही. सिडनी आमचा होता. आपला माणूस चुकला तर रागावता येतं. आईला रागावायला कुणीतरी हवं होतं. गावालाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"आई जिवंत होती."

"ती कधी वारली?"

"एक्क्याऐंशीत."

"त्याला तेरा वर्षं झाली."

"हो," लेनर्ड म्हणाला. त्याने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "शनिवारी नऊपर्यंत प्रती मिळतील. यात आईचं नाव घालणार असाल तर आत्ताच सांगा. ओळी वाढतील."

तिने घड्याळ बघितलं. मग, नाही, असू दे तसंच, असं ती म्हणाली. आपण हे का म्हटलं, याचं कारण तिला आत्याच्या गल्लीत शिरेपर्यंत सापडलं नाही, आणि सापडलं ते तिला आवडलं नाही: आत्याला हे कळू नये म्हणून तीही आता एडविनसारखं झाकत होती.

आत्या टेबलापाशीच बसली होती.

"वाचलं त्याने?"

"वाचलं."

"काय म्हणाला?"

"तारखा विचारल्या. शनिवारी नऊपर्यंत देतो म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

 आत्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदाच सैल झाला होता.

"त्याची आई भली बाई होती," ती म्हणाली. "त्या पाच विधवांत ती एकटीच सिडनीला कधी वाकडा शब्द बोलली नाही. रस्ता ओलांडून पलीकडून जायची, पण तोंडातून शब्द काढला नाही. सिडनीला त्याचं फार मोल होतं. म्हणायचा, निदान तिने तरी मला माफ केलं." तिने हेस्टरच्या हातावर हात ठेवला. "आज ती असती तर हे वाचून तिला किती बरं वाटलं असतं, नाही का गं?"

"हो, आत्या," हेस्टर म्हणाली.